तोलाजीला कुणी मारायचं?

तोलाजीला मारायचं, हे सहाव्या शनिवारी एकमताने ठरलं. त्याचा गुन्हा एवढाच होता की तो कापूस पाहायचा.

आम्ही पाच जण. मी यवतमाळात, घरी. एक पुण्यात नोकरीला, एक नागपुरात खोली करून बँकेच्या परीक्षा देणारा, एक मैत्रीण वणीला, आणि एक जण घाटंजीजवळच्या त्याच्या गावात, जो रेंज मिळावी म्हणून दर शनिवारी रात्री नऊला स्लॅबवर चढून बसायचा. लॉकडाउनमध्ये सुरू झालेला आमचा खेळ लॉकडाउन उठल्यावरही बंद पडला नाही. खेळ म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ पाहिलेल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडक्यात: १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ छापून आणला. यात पट नसला तरी चालतं. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, ‘मी दार ढकलतो’, ‘मी बाण सोडते’ असं बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची, आणि जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. एक जण डंजन मास्टर होतो. नायक सोडून बाकी सगळं जग त्याचं. राक्षस, राजे, खानावळवाल्या बाया, पहारेकरी, कुत्री, सगळ्यांचे आवाज त्यानेच काढायचे. या उरलेल्या जनतेला एनपीसी म्हणतात. आमच्यात हे काम माझ्याकडे आलं, कारण नियमांची फुकट मिळणारी पीडीएफ शेवटपर्यंत वाचलेली मी एकटीच होते.

माझ्या जगाचं नाव पांढरखंड. (यवतमाळकराला दुसरं काय सुचणार.) तिथे चांदकापूस पिकतो. पौर्णिमेला वेचला तर रात्रभर उजेड देतो, आणि जादूगारांचे झगे त्याचेच विणतात. चौघांनी जंगलातून जिवावर उदार होऊन हा कापूस आणायचा, किल्ल्याच्या दारात राजाच्या काट्यावर विकायचा, आलेल्या मोहरांवर पुढची मोहीम काढायची. काट्याशेजारी बाजेवर तोलाजी बसलेला. तो गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालायचा, अगदी तळाचा कापूस काढायचा, सरकी दाताखाली धरायचा, थुंकायचा, आणि मान वर न करता म्हणायचा, “फेअर.”

फेअर म्हणजे सगळ्यात खालची प्रत. मोहरा कमी. पुढची मोहीम पुन्हा लांबणीवर.

खरं तर तोलाजी एका रात्रीपुरता होता. खेळाडूंना थोडं अडवायला दारात एक खडूस माणूस हवा, एवढीच त्याची पात्रता. पण ड्रॅगनला न चिडणारी ही मंडळी तोलाजीवर इतकी चिडली की मला मजा यायला लागली. वणीच्या मैत्रिणीने त्याला लाच देऊन पाहिली. नागपूरच्या मांत्रिकाने त्याच्यावर मोहिनी टाकली. पुण्याच्या गायकाने त्याची स्तुती गायली आणि फासा टाकला, तर चक्क वीस पडले. टेबलावर वीस पडणं म्हणजे सिनेमात हिरोची एंट्री. काहीतरी द्यावंच लागतं. मी तोलाजीला मान वर करायला लावली. बस. गायकाकडे एकदा पाहून तो म्हणाला, “आवाज चांगला आहे. कापूस फेअर आहे.”

त्या रात्री कॉल संपल्यावर आरशासमोर दात घासताना लक्षात आलं, की हे थुंकणं, हा कोपरापर्यंतचा हात, हे मान वर न करणं मी कुठून आणलं.

माझे आबाजी कापूस केंद्रावर ग्रेडर होते.

आमच्या वयाच्या शहरी वाचकाला या शब्दातलं वजन कळणार नाही, म्हणून जरा थांबते. १९७२ पासून महाराष्ट्रात कापसाची एकाधिकार खरेदी योजना होती. कास्तकाराने कापूस सरकारी केंद्रावरच विकायचा, खाजगी व्यापाऱ्याला नाही. हेतू चांगला होता, व्यापाऱ्यांच्या लुटीतून सोडवण्याचा. पण एकच खरेदीदार असला की त्याच्या दारात रांग लागते. बंड्यांच्या बंड्या, दोन-दोन, तीन-तीन दिवस. माणसं बंडीखालीच झोपायची, बैलांचा कडबा सोबत आणायची. मग कधीतरी नंबर लागायचा, आणि एक माणूस येऊन हात घालून सांगायचा: सुपर, एफएक्यू की फेअर. वर्षभराची मेहनत, कर्ज, पोरीचं लग्न, सगळं त्या एका शब्दावर. तो शब्द पटला नाही तर बंडी परत न्यायची, पण कुठे? म्हणून तर यवतमाळ जिल्ह्यातला कापूस रात्रीचा पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे जायचा. चुकारा हाती यायला पुन्हा वाट पाहणं वेगळंच. २००० नंतरच्या वर्षांत ही सक्ती गेली, पण ‘ग्रेडर’ हा शब्द गावागावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडात अजून शिवीसारखा येतो.

आणि काम काही खोटं नव्हतं. आबाजींनी मला ते शिकवलं होतं, मी सात-आठ वर्षांची असताना, अंगणात. कापूस मुठीत दाबायचा आणि सोडायचा. कोरडा असेल तर फुलून वर येतो, ओला असेल तर मुठीच्या आकाराचाच राहतो. सरकी चावायची, वाळलेली कट्‌ म्हणते, ओली दाताला चिकटते. पत्ती किती, कवडी किती, ते पाहायचं. मग थोडी रुई दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायची, एकावर एक ठेवून पुन्हा ओढायची, असं करत करत सगळे तंतू सरळ रेषेत येतात आणि धाग्याची लांबी दिसते. त्यांची बोटं हे इतक्या लवकर करायची की मला जादू वाटायची.

ते गेले तेव्हा घरासमोर मोजता येतील इतक्याच चपला होत्या. ज्या केंद्रावर ते अठरा वर्षं होते, त्या गावातून कुणी आलं नाही. मी लहान होते, पण चपला मोजायचं वय होतं.

तर, सहाव्या शनिवारी तोलाजीला मारायचं ठरलं आणि मी घाबरले. पुढच्या शनिवारपर्यंत मी त्याच्यासाठी चार पानं लिहिली. तोलाजीची मुलगी आजारी. तिच्या औषधासाठी तो राजाचा मिंधा. लहानपणी सावकाराने बापाचं शेत गिळलं, तेव्हापासून हसू गेलं. नवख्या डंजन मास्टरला कुठेही हाच सल्ला मिळतो: पात्र सपाट वाटतंय? त्याला दुःखद भूतकाळ द्या. मी खानावळीतल्या एका दारुड्या पहारेकऱ्याच्या तोंडून तो सगळा भूतकाळ ओतला.

पुण्याच्या गायकाने तोंडाने व्हायोलिन वाजवलं. वणीची म्हणाली, “अवं, हे तं साडेसातची सिरियल झाली.” घाटंजीवाला, जो खेळात चोर आहे आणि एरवी सगळ्यात कमी बोलतो, तो स्लॅबवरून म्हणाला, “पोरगी आजारी आहे त्याची, मान्य. पण मंग माह्या कापसाले फेअर काहून? त्याच्या पोरीचं दुःख माह्या बंडीवर काहून लादते?”

मी म्हटलं, अरे खेळ आहे. तो म्हणाला, “माहीत आहे. पण माह्या आजोबाच्या कापसाले फेअर लावला होता एकानं. पऱ्हाटी अशी पांढरी होती, म्हणते आजी, का डोये दिपत होते. तो फेअर लावणारा भी कोनाचा बाप असंनच ना.”

कोणत्या केंद्रावर, ते मी विचारलं नाही.

त्या रात्री ती चार पानं पुन्हा वाचली आणि लाज वाटली. मी पात्र लिहिलं नव्हतं, वकिलाने करावा तसा बचाव लिहिला होता. माफी मागायची होती आबाजींच्या वतीने, आणि तीही न मागता मिळवायची होती.

पुढचे काही दिवस मी ‘सामना’ दोनदा पाहिला. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा. त्यातला निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील. प्रत्यक्षातले निळू फुले राष्ट्र सेवा दलातून आलेले, चळवळींसोबत राहिलेले. पडद्यावर मात्र गावोगावच्या बायका त्यांना शिव्या घालायच्या. आमच्या आजीसकट. पण हिंदुराव नीट पाहा. तो रस्त्यावर पडलेल्या दारुड्या मास्तरला घरी आणतो, खाऊ-पिऊ घालतो, ऐटीत फिरवतो. हे ढोंग नाही, त्याला त्यात खरंच आनंद आहे. तेच हात दुसरीकडे काय करून बसलेत, ते मास्तर शोधत राहतो. सिनेमा कुठेही सांगत नाही, की लहानपणी हिंदुरावाला कुणी मारलं म्हणून तो असा झाला. तो असा आहे, एवढंच. आणि त्याच्यावरून नजर हलत नाही.

माझं मत असं झालं, की भूतकाळ हा डंजन मास्टरच्या वहीत राहतो. खेळाडूला दिसतं ते फक्त समोर घडणारं. माणूस खोल वाटतो तो त्याला काय येतं, काय हवं आहे आणि कुठे तो वाकत नाही यावरून. पहारेकऱ्याने सांगितलेल्या हकिगतीवरून नाही. तोलाजीला काय येतं हे माझ्या बोटांना माहीत होतं. काय हवं आहे, यावर मात्र बराच वेळ गेला. पैसा? नाही. सत्ता? बाजेवर बसलेल्या माणसाला कसली सत्ता. शेवटी सापडलं: त्याला बरोबर असायचं होतं. आपली नजर चुकत नाही, हे कुणीतरी एकदा कबूल करावं, एवढंच. आणि हीच गोष्ट त्याला असह्य करत होती. ज्याचा त्याला अभिमान, त्याचाच लोकांना वीट. आबाजी लग्नात जेवतानासुद्धा यजमानाला सांगायचे, तांदूळ जुना नाही.

आठव्या शनिवारी चोराने, म्हणजे घाटंजीवाल्याने, एक युक्ती केली. मला खासगी मेसेज टाकला: रात्री गाठोड्यांवर पाणी मारतो, वजन वाढेल, तिघांना सांगू नको. सकाळी तोलाजीने हात घातला. मूठ दाबली. सोडली. मी काहीच बोलले नाही, फक्त कॅमेऱ्यासमोर माझी मूठ उघडली आणि तशीच धरून ठेवली, न फुललेली. मग तोलाजी म्हणाला, “वरचा सुपर होता. काल आणला असता तर सुपर लिहिला असता. आता घेत नाही. वाळवून आणा.”

चौघंही गप्प. बाकीचे तिघं चोरावर तुटून पडले. पहिल्यांदाच तोलाजी बरोबर होता, आणि नेमका अशा वेळी, जेव्हा त्याचं बरोबर असणं कुणालाच परवडणारं नव्हतं. चोर हसत होता. मग म्हणाला, “आमच्या घरी भी मारत होते पाणी. सगळेच मारत होते. सांगत नाई कोनी.”

कॉल संपल्यावर वणीच्या मैत्रिणीचा मेसेज आला: मारायचाच आहे, पण आता जरा वाईट वाटेल.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. खडूस पण प्रामाणिक माणूस, लोकांना उशिरा कळलेला. छान गोष्ट. पण ती खरी आहे का, हे मला माहीत नव्हतं. मी आजीला विचारलं. दिवाळीच्या आठ दिवस आधी, ती वाती वळत होती तेव्हा. आबाजी पैसे घेत होते का?

“नाई,” आजी म्हणाली. “एक रुपया नाई. हे मी देवासमोर सांगतो.” मग एक वात पूर्ण वळून झाल्यावर म्हणाली, “पैशे घेतले असते तं बरं, असं वाटे मले कधी कधी.”

उलंगवाडीचे दिवस होते. रात्री मागच्या फाटकातून एका मोठ्या माणसाचा ट्रक आला. नाव आजीने घेतलं नाही. कापूस ओला, निम्मी कवडी. पुढच्या फाटकाबाहेर तिसऱ्या दिवसाची रांग. आबाजींनी ‘सुपर’ लिहिलं. का, तर भ्यायले. बदली होईल, नोकरी जाईल, अजून काही होईल. एवढंच कारण. पण गोष्ट तिथे संपत नव्हती. त्या गंजीतून पुढे रुई कमी निघाली असती, आणि कमी निघालेल्या रुईचा जाब ग्रेडरला विचारला जाई. म्हणून पुढचे आठ दिवस त्यांनी रांगेतल्या चांगल्या कापसाला खालची प्रत लावली आणि तो कापूस सुपरच्या गंजीत टाकला. चांगला कापूस, फेअरच्या भावाने, त्या ओल्या ट्रकची भर काढायला. उतारा बरोबर आला. वही बरोबर आली. त्यांची नजर एकदाही चुकली नव्हती. कोणता कापूस किती चांगला, हे अचूक माहीत असल्याशिवाय ते जमलंच नसतं.

“मले सांगत,” आजी म्हणाली, “कोनाकोनाच्या कापसाले लावला ते. नाव घेऊन सांगत. झोपीत भी सांगत.”

ही गोष्ट मी चार पानांत बसवू शकले नसते. आजारी मुलगी त्यापेक्षा फार सोपी होती.

दिवाळीत सगळे यवतमाळात. पाचही जण पहिल्यांदाच एका गच्चीवर, सतरंजीवर, खऱ्या फाशांसकट; ऑनलाइन मागवलेले, पुण्याच्या गायकाने आणलेले. घाटंजीवाला गावाहून येताना आजीला वातींसाठी पिशवीभर कापूस घेऊन आला होता, घरच्याच पऱ्हाटीचा, सरकीसकट. आजी कठड्याजवळ खुर्ची टाकून बसली. तिला वाटत होतं आम्ही पत्ते खेळतो.

तिसऱ्या तासाला तोलाजी त्यांच्या हाती लागला. काट्याच्या खोलीत, एकटा. चोराने गळ्याला सुरी लावली. मारण्यासाठी फासा टाकण्याचीही गरज नव्हती, म्हातारा बसलेला होता. मांत्रिक म्हणाला, “आधी विचार, आमच्या कापसाले फेअर काहून लावला.”

मी तोलाजीच्या आवाजात सांगितलं. राजाच्या भावाची ओली गाडी. रात्र. वहीतला ‘सुपर’. मग रांगेतला एकेक, आणि गंज्या बदलणं. आवाज तोलाजीचाच ठेवायचा प्रयत्न केला, पण मध्येच तो यवतमाळचा झाला असावा, कारण फासे चाळवणं थांबलं. तोलाजी भीक मागत नव्हता. त्याने फक्त सांगितलं, की त्यांचा चांदकापूस पहिल्या दिवसापासून सुपर होता, आणि हे त्याला पहिल्या मुठीतच कळलं होतं.

घाटंजीवाल्याने माझ्याकडे पाहिलं. तोलाजीकडे नाही, माझ्याकडे.

“हे तुले कोनं सांगतलं?”

“आजीनं.”

तो बराच वेळ काही बोलला नाही. वणीची मैत्रीण ‘ब्रेक घ्यायचा का’ असं म्हणणार होती, मी हाताने थांबवलं. मग तो उठला, आजीजवळची पिशवी घेऊन आला, आणि त्यातला मूठभर कापूस माझ्यासमोर सतरंजीवर ठेवला. फाशांच्या शेजारी.

“तोलाजी,” तो म्हणाला, “सुरी गळ्यावरच आहे. हा पाह्य. सगळ्यायसमोर प्रत सांग.”

मी मूठ दाबली, सोडली. फुलला. सरकी दाताखाली धरली. कट्‌ झालं, आणि मी सवयीने बाजूला थुंकले, खेळात थुंकते तशी. मग रुई चिमटीत धरून ओढायला लागले. तंतू तुटत होते, सरळ येत नव्हते.

“तसं नाई धरत वं,” कठड्याजवळून आजी म्हणाली. तिने हात पुढे केला. मी कापूस तिच्या हातात दिला. तिची बोटं वातींसारखीच चालली, ओढ, ठेव, ओढ, ठेव, आणि चार-पाच वेळात पांढरी रेघ तिच्या अंगठ्यावर उभी राहिली. गच्चीवरच्या बल्बखाली तिने ती डोळ्यांजवळ नेली.

“एफएक्यू,” आजी म्हणाली.

“सुपर नाई?” घाटंजीवाल्याने विचारलं.

“नाई. पत्ती आहे ना बापा. वेचतानी पाहत जा म्हना बायकायले.”

तो एक क्षण तसाच उभा राहिला, मग खाली बसला आणि त्या मुठीतली पत्ती काढायला लागला.